पहिल्या बोलीला दिलेलं घर

मोसंबीच्या सालीचं तेल बोटांना लागलं की साबणानेही लवकर जात नाही. भाकरी मोडली तर भाकरीला तो वास, डोळे चोळले तर डोळ्यांत ती झणझण. फाल्गुन सरत आला, जालन्याच्या फळबाजारात मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेल्या झाडांचा, माल उतरायला लागला आणि माझी बोटं पुन्हा तशीच झाली आहेत. बाजार या दिवसांत खुशीत असतो. माल थोडा, ऊन वाढतं, रसवंतीवाले आणि बाहेरगावचे व्यापारी एकमेकांच्या पायांवर पाय देत हर्रासाला, म्हणजे लिलावाला, उभे राहतात. हमाल कॅरेट आपटतात, फुटलेल्या फळांवर माशा घोंगावतात, कुणी तरी कुणाच्या तरी आईचा उद्धार करतो. हे सगळं मला आवडतं. याच गोंगाटात मी माणूस झालो. पण हल्ली या हंगामात माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. सकाळी गाळ्यावर बसलं की मान आपोआप उजवीकडे वळते आणि तिथे आता टरबूज विकणारा कुणी एक पोरगेला माणूस दिसतो. तिथे हबीब बसायचा.

हबीब बागवान. बापजाद्यांपासून फळांचा धंदा. बाजारात त्याचा गाळा माझ्या गाळ्याला लागून आणि गल्लीत त्याचं घर माझ्या घराला लागून. म्हणजे दिवसभर जो माणूस समोर, तोच संध्याकाळी भिंतीपलीकडे खाकरताना ऐकू यायचा.

आमच्या धंद्यात पूर्वी रुमालाखाली सौदा व्हायचा. दोन माणसांनी हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. वरून चेहरे कोरडे, आत बोटांची मारामारी. आता हर्रास मोठ्याने बोलून होतो, मोबाइलवर होतो. आम्ही दोघं मात्र हौसेखातर रुमाल टाकायचो. मी भाव सांगितला की हबीब बोट असं पिरगाळायचा की मी ओरडायचो. तो म्हणायचा, "क्या रे केदारखेडा, तेरे गाव में शरम नहीं बिकती क्या?" मी म्हणायचो, "बिकती है, लेकिन बागवान खरीदता नहीं." केदारखेडा माझं गाव. इतकी वर्षं शेजारी राहून त्यानं मला दादाराव म्हणून कधी हाक मारली नाही. माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची, हा त्याचा हक्क होता आणि तो त्यानं मला न विचारता घेतला होता.

घासाघीस करणाऱ्याला लोक हलका समजतात. शिकलेली माणसं तर दुकानात 'फिक्स रेट' अशी पाटी दिसली की सुटकेचा श्वास टाकतात. मला ती पाटी दिसली की तिथून निघून जावंसं वाटतं. ज्याच्याशी उद्या गाठ पडायची नाही, त्याला माणूस एकच भाव सांगतो. ज्याच्याशी उद्याही राहायचं असतं, त्याच्याशी तो भांडतो, चहा मागवतो, उठून जायचं सोंग करतो, परत बसतो. शहर म्हणजे मला तरी हेच वाटत आलं. इथे मारवाडी आहेत, मोमीन आहेत, बंजारे आहेत, सळयांच्या कारखान्यात राबायला आलेली बिहारची पोरं आहेत, आमच्यासारखे खेड्यांतून उखडून आलेले आहेत. कुणाची भाषा कुणाला पुरती येत नाही, पण सौदा सगळ्यांना येतो. कमी-जास्त करत, थोडं सोडत, थोडं ओढत माणसं एकमेकांना झिजवतात आणि झिजली की बसतात नीट. माझी खात्री होती की सौद्यानं सुटणार नाही असं जगात काही नाही.

मी जालन्यात आलो तेव्हा माझ्याकडे वडिलांची मोसंबीची अर्धी गाडी आणि खूप सारा राग होता. पहिल्याच दिवशी एका अडत्यानं माल नासका ठरवला. मी त्याची गचांडी धरली. लोकांनी मला बाजूला ओढलं. त्यांत हबीब होता. माझ्याच वयाचा, ओठावर नुकती मिशी. त्यानं माझ्या मालातलं एक फळ उचललं, अंगठ्यानं सोललं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि म्हणाला, "माल अच्छा है. तू खराब है. बैठ." त्या दिवसापासून मी त्याच्या शेजारी बसलो तो बसलोच.

पुढे लग्न झालं, घर घ्यायचं झालं. त्याच्या गल्लीत एक जागा निघाली. गल्ली तेव्हा त्यांच्या माणसांची जास्त, आमची कमी. दोन-चार म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं. हा खेड्यातला, तोंडाचा फाटका, रोज भांडण आणेल. हबीबनं त्यांना काय सांगितलं ते मला पुढे शकीलाभाभीकडून, त्याच्या बायकोकडून कळलं. तो फक्त म्हणाला होता, "मेरा आदमी है." एवढंच. त्यानं अटी ठरवल्या नाहीत. इतक्या वाजता येईल, तितक्या आवाजात बोलेल, असलं काही नाही. मी त्याला तेव्हा हसलो होतो. "अरे, काही तरी सोडवून घ्यायचं ना माझ्यासाठी! भिंतीला एक हात जागा तरी!" तो म्हणाला, "हर चीज का सौदा नहीं होता, पागल."

गल्ली हळूहळू बदलली. त्यांच्यातली घरं एकेक करून विकली गेली. कुणी मुलाकडे संभाजीनगरला गेलं, कुणी आपल्या माणसांत राहायला गेलं. शेवटी तिकडचं एकच घर उरलं, हबीबचं. हे कधी झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. केस पांढरे व्हावेत तसं झालं.

मग तो हंगाम आला. त्या साली मृग बहार आणि रोजे एकत्र आले. असं जुळून आलं की आमच्या बाजाराचं सोनं होतं. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला संध्याकाळी मोसंबीच्या रसासारखं दुसरं काही नाही. दुपारी हबीबचे ओठ पांढरे पडायचे, तरी हर्रासात त्याचाच आवाज सगळ्यांत वर. मी त्याच्यासमोर पाणी प्यायचो नाही. चोरून मागे जाऊन प्यायचो आणि तो ओरडायचा, "पी ले, पी ले, तेरे गुनाह वैसे भी भोत हैं." इफ्तारीच्या वेळेला भिंतीवरून एक ताट यायचं. त्यात खजूर, भजी आणि आमच्याच बाजारातली मोसंबी, साल इतकी सफाईनं काढलेली की पांढरा धागा दिसायचा नाही. माझी बायको सुमन ते ताट कधी रिकामं परत पाठवायची नाही. कधी धपाटे, कधी शेंगदाण्याची चटणी.

त्याच दिवसांत शहरात कुठे तरी काही तरी झालं. काय झालं, कुणी केलं, हे मला आजही नीट माहीत नाही, आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांनाही नाही. एक दिवस दुकानं बंद राहिली. मोबाइलवर काय काय फिरलं. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला, भाव निघाला, मला वाटलं झालं. पण आमच्या गल्लीत पवार सरांच्या ओट्यावर बैठक बसली आणि ठरलं की गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट लावायचं. रात्री दहाला कुलूप.

पवार सर म्हणजे निवृत्त मास्तर. आवाज कधी चढणार नाही, शिवी कधी देणार नाही. असल्या माणसाशी सौदा करणं मला सगळ्यांत अवघड जातं. गेट बसलं. कुलपाची किल्ली सरांकडे. एक त्यांच्या भाडेकरूंकडे, कारण ती बिहारची पोरं कारखान्यातून रातपाळी करून येतात आणि सरांचं भाडं त्यांच्यावर आहे.

रमजानात रात्रीची जादा नमाज असते. मशिदीतून सुटायला हबीबला दहाच्या पुढे वाजायचे. पहिल्या रात्री तो गेटबाहेर उभा राहिला, हाका मारल्या, सरांनी येऊन उघडलं. "सॉरी हं हबीबभाई" म्हणाले. दुसऱ्या रात्री पुन्हा. हे मला हबीबनं सांगितलं नाही. सर स्वतःच सांगत आले.

"दादाराव, रोज झोपमोड होऊन राह्यली. तुमचं त्यांच्याशी जमतं. तुम्हीच काही मार्ग काढा ना."

मार्ग काढणं हेच तर माझं काम! मी ओट्यावर बसलो. मी भांडलो. खोटं सांगत नाही, आवाज चढवून भांडलो. "तीस रात्रींचा प्रश्न आहे सर, कुलूप साडेअकराला लावा." सर म्हणाले, "एकासाठी सगळ्यांची सुरक्षितता?" कुणी म्हणालं, "मंग त्यांना चावी द्यायची का?" आणि सगळे गप्प झाले. ती शांतता मला ऐकू आली. आलीच. पण सौद्यात समोरचा गप्प झाला की आपण दुसरीकडून सुरुवात करायची असते, ही माझी सवय. ओढून-ताणून शेवटी मी असं ठरवलं की गेट अकरापर्यंत उघडं राहील, त्याहून उशीर झाला तर हबीबनं फोन करायचा आणि मी स्वतः उठून उघडायचं. रोजे संपले की पहिल्यासारखं. मी खूश झालो. काहीच मिळत नव्हतं तिथून मी एक तास मिळवला होता, शिवाय एक फोन.

सकाळी गाळ्यावर ऐटीत हबीबला सांगितलं. तो कॅरेटमधली फळं निवडत होता, मोठी एकीकडे, बारकी एकीकडे. हात थांबला.

"किसने बोला तेरेकू जाने को?"

"अरे कोणी कायला बोलंल? मी गेल्तो. तुझ्यासाठी भांडलो."

"क्या मिला?"

"अकरा वाजेपर्यंत. आणि नंतर फोन."

त्यानं हातातलं फळ खाली ठेवलं. फार हळू ठेवलं. "मेरे घर का रस्ता तूने सौदे में डाला, केदारखेडा? और कम में छोड़ के आया?"

मला राग आला. कुणालाही येईल. बाकी गल्लीनं तोंड उघडलं नव्हतं, मी उघडलं होतं. मी म्हणालो, "मंग तू जाऊन बोल ना त्याहिला! मी काही तुझा वकील न्हाई." तो म्हणाला, "हौ. तू नहीं." आणि फळं निवडायला लागला. त्या महिन्यात त्याचा फोन एकदाही आला नाही. तो दहाच्या आत घरी यायचा. मशिदीतली ती नमाज त्यानं सोडली, की घरीच पढली, मी विचारलं नाही. ताट भिंतीवरून येत राहिलं. सुमन परत देत राहिली. मोसंबीची साल तितक्याच सफाईनं काढलेली असायची.

ईद झाली. शीरखुर्मा खाल्ला. हंगाम उतरणीला लागला होता, फळांत पाणी कमी, सालीला सुरकुत्या. भरदुपारी बाजार पेंगत असताना हबीब उठून माझ्या गाळ्यात आला.

"घर बेचना है. तू लेता क्या?"

मला वाटलं मस्करी. मग वाटलं रुसवा. रुसलेल्या माणसाला परत आणायची माझ्याकडे एकच रीत आहे. मी खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला, म्हणालो, "टाक हात." त्यानं हात आत घातला. मी त्याची बोटं दाबली. इतका हलका भाव सांगितला की तेवढ्यात त्याचा ओटासुद्धा आला नसता. मुद्दाम सांगितला. आता तो बोट पिरगाळेल, माझ्या बापाचा उद्धार करेल, म्हणेल तेरी नियत में कीड़े पडें, आणि मी म्हणेन मग जाऊ नको ना, बस इथंच. हे मला स्वच्छ दिसत होतं. माझी बोटं तयार होती.

त्याचा हात तसाच राहिला. दाबला नाही, ओढला नाही. रुमालाखाली थंड, कोरडा, मोसंबीच्या तेलानं चिकट झालेला हात. मग त्यानं तो काढून घेतला.

"बराबर है," तो म्हणाला. "कागज बना ले."

"अरे ए! शिवी तरी दे!"

"किसकू?" तो म्हणाला, आणि आपल्या गाळ्यात जाऊन बसला.

मी मागे गेलो, भाव वाढवला, दुप्पट म्हणालो, बाजारातली माणसं बघायला लागली. तो म्हणाला, तू बोला, मैं माना, हो गया. बाजारात एकदा मंजूर म्हटलं की सौदा फिरत नाही, हे मीच सगळ्या जगाला शिकवत आलो होतो. चार लोकांसमोर त्यानं माझाच नियम माझ्या गळ्यात घातला. कागद झाले. गाळाही त्यानं सोडला. एका टेम्पोत त्याचा संसार मावला, याचं मला फार नवल वाटलं. टेम्पो गेटातून जाईना, म्हणून गेटाची दोन्ही दारं सताड उघडावी लागली. सर स्वतः उभे राहून "थोडं डावीकडे, थोडं डावीकडे" सांगत होते.

त्यानंतर गल्ली काय म्हणते ते मला कळतं. दादारावनं संधी साधली. दादारावनं मातीमोल घर घेतलं, दोस्त म्हणे. जे ओट्यावर गप्प बसले होते, ते आता हळहळतात. "फार चांगली माणसं होती हो," सर म्हणतात. होती! मेली नाहीत, बायपासच्या पलीकडे राहतात. माणूस रिक्षानं जाऊन येईल एवढ्या अंतरावर. आणि या सगळ्यात दोषी कोण, तर मी. गल्लीच्या हिशेबानं मी लुबाडणारा, त्याच्या हिशेबानं मी विकणारा. ज्यानं काही केलं नाही, तो स्वच्छ. हा न्याय मला आजपर्यंत समजलेला नाही.

एकदा मी गेलो तिकडे. मोसंबीचं कॅरेट घेऊन गेलो. नवी वस्ती, कच्चा रस्ता, घरांना अजून रंग नाही, सगळीकडे त्यांचीच माणसं. पोरं मला वळून वळून पाहत होती, कोण आला म्हणून. आपल्याच शहरात आपल्याकडे असं पाहिलं जाताना चालणं जड होतं, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. हबीबनं दारात येऊन हात मिळवला. "आइए दादारावजी," म्हणाला.

दादारावजी. मला शिवी चालली असती.

खुर्ची दिली. चहा आला, बशीत बिस्किटं आली. मी म्हणालो, घर तसंच आहे, कुलूप लावून ठेवलंय, ये परत, जो भाव म्हणशील तो, नाही तर भावच नको. तो हसून म्हणाला, "आपकी मेहरबानी है." मी उठून उभा राहिलो, ओरडलो, "हबीब्या, भांड ना माझ्याशी!" आतल्या खोलीत भांडी थांबली. त्यानं फक्त पंख्याची गती वाढवली. "गर्मी भोत है," म्हणाला.

निघताना शकीलाभाभी दारात आल्या. डोक्यावर पदर, हातात रिकामी कळशी. तिकडे टँकरवर सगळं असतं. त्यांनी विचारलं, "दादाभाई, हमारे नल कू पानी आया क्या?"

हमारे, म्हणाल्या.

जालन्यात पाणी किती दिवसांनी येतं हे जालनेकराला सांगायला नको. त्यांच्या अंगणातला नळ गल्लीत सगळ्यांत खोलात. आमच्या नळांना नुसती हवा फुसफुसत असते, तेव्हाही त्याला धार असते. ते राहत होते तेव्हा सगळी गल्ली तिथे भरायची. सरांचा पाइपसुद्धा त्यांच्याच अंगणातून जायचा. दार कधी लावलेलं नसायचं. ते गेल्यावरही मी पाणी आलं की दार उघडायचो. सवय. लोक यायचे, भरायचे, जायचे.

या हंगामात, आत्ता काही दिवसांपूर्वी, सर माझ्याकडे आले. आवाज तोच, मऊ.

"दादाराव, घर विकणार असाल तर आपल्यातलाच कुणी बघा बरं का. गल्लीचा विचार करा. आणि तोवर दार उघडं राहू द्या, पाण्याचं बरं पडतं."

मी काही बोललो नाही. मी बोललो नाही, हे सुमनला इतकं नवीन होतं की ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

नंतर पाणी आलं ते दिवसाउजेडी, सकाळच्या पहिल्या उन्हात. "पाणी आलं, पाणी आलं" अशी आरोळी गेली. बायका हंडे घेऊन निघाल्या, बिहारची पोरं डोळे चोळत बादल्या घेऊन आली, सर पाइपचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आले. हबीबच्या दाराला मी कुलूप लावलेलं होतं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसलो होतो.

"उघडा की दादा," एक बाई म्हणाली.

"मालकाला विचारून या."

"मालक कोन? तुमीच की."

"मी न्हाई. हबीब बागवान. बायपासच्या पलीकडं राह्यतो. जा, विचारा त्याला, घरात येऊ का म्हणा. तो हो म्हणला की उघडतो."

काही जण हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला सकाळीच चढली. सर पुढे आले. "अहो दादाराव, कागद तुमच्या नावावर आहेत. काय लहान पोरासारखं करून राह्यलात?"

"रिक्षा सांगू का सर? पैसे मी देतो."

हसणं थांबलं. आत नळाला तोटी नाही, कधीच नव्हती. पाणी कधी येतं ते कळावं म्हणून तो उघडाच असायचा. धार हौदात पडतानाचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. आधी पोकळ, मग भरदार. मग हौद भरला आणि आवाज बदलला. सुमन माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माणसांचा राग पाण्यावर काढू नका. पाप लागंल." मी म्हणालो, "लागू दे." आमच्याकडे पाणी वाया घालवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

उंबऱ्याखालून पाणी बाहेर आलं. पातळ, चकचकीत, आधी माझ्या चपलांपर्यंत, मग ओट्यावरून गटाराकडे. एका बाईनं उंबऱ्याला ताटली लावली आणि वाटी वाटीनं हंड्यात ओतायला लागली. मग दुसरीनं. बिहारचा एक पोरगा गुडघ्यावर बसला आणि ओंजळीनं. सर पाइप खांद्यावर घेऊन तसेच उभे होते. गल्लीचं गेट दिवसाचं उघडंच होतं, आणि त्याच्यापुढे बायपासकडे जाणारा रस्ता सरळ दिसत होता.

पाणी थांबेपर्यंत कुणी निघालं नाही. मीही निघालो नाही.